आधी डबा उघड

नाना,

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं विचारलं तर मी आई-आबांचं नाव घ्यायला हवं. म्हणून हे लिहायला बसण्याआधी आबांनाच विचारलं. खाटेवर बसून ते शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "आम्हनं सोड. नानानं नाव ले." तेव्हा त्यांच्याच परवानगीने घेतो. डॉक्टर यशवंतनाना, स्टेशन रोड, नरडाणा.

तुम्ही गेलात त्याला अजून पंधरवडा झालेला नाही. दशक्रिया झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि सोमवारी मी लॅब उघडली. शेजारी तुमच्या दवाखान्याला कुलूप होतं, पण बाहेरच्या बाकावर एकजण बसला होता. एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कारखान्याचा निळा शर्ट, मांडीवर स्टीलचा डबा. परगावचा होता, नुकताच कामाला लागलेला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की नरडाण्याला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाताना दुपारचा डबा न खाता तसाच घेऊन जायचा. मी त्याला खरं ते सांगितलं. त्याने कुलपाकडे बघितलं. मग म्हणाला, "मग आता डबा कोणाला दाखवू?"

नाना, मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं हसू. कारण तुम्ही असता तर त्याला म्हणाला असता, "पहिले मन्हाकडे देख, कुलूपकडे काय देखस!"

नवीन माणसाला तुमचा दवाखाना विचित्रच वाटायचा. माणूस पोट धरून आत यायचा. "पोट दुखस नाना." तुम्ही म्हणायचात, "दुखू दे. आधी डबा उघाड." मग तुमच्या टेबलावर, बीपीच्या मशीनशेजारी, ती गार झालेली भाकरी, तेलाचा तवंग आलेली भाजी आणि कोपऱ्यातला ठेचा असा सगळा संसार उघडा पडायचा. तुम्ही बोट न लावता बघायचात. कोन रांधस? कव्हय खास? म्हणजे कोण रांधतं, कधी खातोस. बसून की उभ्याने? मग झोप. मग संडास. आणि सगळ्यात शेवटी, हात धुता धुता, जणू सहज आठवलं म्हणून, "घरात कोणाशी बोलणं बंद आहे का?" या प्रश्नाला माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून उत्तर द्यायची. नाडी त्यानंतर. औषध त्याहून नंतर. तुम्ही शिकलात आयुर्वेद, पण गोळीची गरज असेल तर गोळी लिहायला आणि ऑपरेशनची गरज असेल तर धुळ्याला पाठवायला तुम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. तुमचं म्हणणं एवढंच होतं की आजार माणसाच्या आत एकटा राहत नाही. त्याच्याबरोबर त्याचं घर, त्याची पाळी, त्याची काळजी राहते. एकाला बाहेर काढायचं तर सगळ्यांशी बोलावं लागतं.

ती मेथीची गोष्ट तर तुम्ही मरेपर्यंत सांगत होतात. तुमची ख्याती पसरली तशी बायकांनी एक वेगळाच स्वयंपाक सुरू केला, 'नानांचा डबा'. दवाखान्यात जायच्या दिवशी मोड आलेले मूग, मेथी, काकडीच्या चकत्या. बाकावर ओळीने सगळे डबे हिरवेगार, आणि सगळ्यांची ॲसिडिटी जशीच्या तशी. तुम्ही कोड्यात पडलात. शेवटी एका फिटरच्या डब्यात काहीतरी पालेदार दिसलं.

"काय शे रे हाई?"

"माहीत नही नाना. बायकोनी सांगं, उघाडीसन दखाड फक्त."

तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. मग म्हणालात, "हाऊ डबा मना शे. तू घर जाय, तुना लई ये." त्या दिवसापासून तुम्ही जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवरून कारखान्यांच्या फाटकाशी जाऊ लागलात. लिंबाच्या झाडाखाली माणसांमध्ये बसायचात. वॉचमन म्हणायचा, "नाना, इथे बाहेरच्यांना मनाई आहे." तुम्ही म्हणायचात, "मी आत कुठे आलोय? तू बाहेर ये. तुझा डबा कुठाय?" महिन्याभरात तोही पेशंट झाला.

आबांना तुमच्याकडे आणलं तेव्हा मी धुळ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मला सगळं कळतं असा घरचा समज होता आणि माझाही. आबांचं डोकं सारखं दुखायचं. मशीनवर उभ्या उभ्या डुलकी लागून त्यांचा हात पट्ट्यात जाता जाता वाचला होता. तुम्ही बीपी मोजलं, ते फार वाढलेलं निघालं. गोळी लिहिलीत, रोज घ्यायची, स्वतःहून बंद करायची नाही असं बजावलंत आणि म्हणालात, "रात्री दहाला आडवं व्हायचं."

मी मागून बोललो, "दहाला आबा कामावर निघतात. रातपाळी आहे. झोपायचं तर मालकाची चिठ्ठी लागेल."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर काय होणार ते मला कळलं. तुम्ही मात्र पेन खाली ठेवलंत. "बरोबर आहे तुझं," म्हणालात. "मग दिवसा झोपतात का?" आबा म्हणाले, "पडतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या घरी आलात. आबा आत पडले होते. तुम्ही खुर्चीवर नुसते बसून राहिलात. बाहेर पाण्याची मोटार, धुणं आपटण्याचा आवाज, आमच्या पत्र्यावर येऊन आदळणारा चेंडू, भाजीच्या गाडीवरचा भोंगा. आबा कूस बदलत होते. थोड्या वेळाने तुम्ही उठून बाहेर गेलात आणि समोरच्या सखूअक्कांना हाक मारलीत. गल्लीत त्यांचा शब्द चालायचा.

"अक्का, औषध तुम्हले लेनं पडी."

"माले? माले काय व्हयेल शे?"

"तुम्हले काही नही. झोप त्याले नही."

"मंग औषध माले कसाले?"

अर्धी गल्ली जमली. आधी हसणं झालं, मग वाद झाला, मग चहा झाला. ठरलं ते असं, की रातपाळीहून आलेला माणूस झोपला की त्याच्या दारावर लाल टॉवेल टांगायचा. टॉवेल दिसला की धुणं गल्लीच्या त्या टोकाला, क्रिकेट मंदिरामागे, आणि भाजीवाल्याने भोंगा बंद करून पायी यायचं. आईने खिडकीला गोधडी लावली. पहिला आठवडा माझा पोरांशी भांडण्यातच गेला. पुढे पोरंच एकमेकांना गप्प करायला लागली. दोन-तीन महिन्यांत आबांचं डोकं दुखायचं थांबलं, बीपी उतरलं. गोळी आजही चालू आहे. तुम्हीच म्हणायचात, "गोळीने अर्धं केलं, सखूअक्काने अर्धं." आता गल्लीत रातपाळीवाली आणखी घरं आहेत. दुपारी फिरलं तर दारोदार लाल टॉवेल दिसतात, आणि कोणाला ते का म्हणून सांगावं लागत नाही.

बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय, हे सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. तुम्ही सांगितलंत. लॅबचा कोर्स कर. "प्रश्न विचारून विचारून मी एका भिंतीपाशी येतो, तिच्यापलीकडचं बघायला माणूस हवा." मी शिकून आलो तेव्हा तुम्ही दवाखान्याची पुढची खोली रिकामी करून ठेवली होती. आणि आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत चालू होतं.

तुम्ही म्हणायचात, आकडा उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. मी म्हणायचो, आकडा न उतरता माणसाला बरं वाटायला लागणं जास्त धोक्याचं. त्या शिक्षिकाबाई आठवतात? तुमच्या सांगण्याने चालायला लागल्या, झोप सुधारली, चेहरा उजळला. तुम्ही मला हाक मारून म्हणालात, "बघ, याला म्हणतात गुण." मी त्यांचा रिपोर्ट तुमच्या पुढे ठेवला. साखर होती तिथेच होती. तुम्ही कागद दोनदा वाचलात. मग बाईंना परत बोलावलंत, गोळ्या वाढवल्यात, डोळे तपासायला धुळ्याला पाठवलंत. आणि दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी रंगवून घेतलीत, 'डबा व रिपोर्ट दोन्ही आणावे'. वादात हरलेल्या माणसाने हार अशी दारावर रंगवून लावलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

तसाच तुमचा रागही मी एकदाच पाहिला. बाजारात एकजण चूर्ण विकायला यायचा, एका पुडीत साखर, सांधे, मूळव्याध सगळं मुळापासून. त्याच्या सांगण्यावरून एकाने बीपीची गोळी सोडली आणि चक्कर येऊन पडला. तुम्ही भर बाजारात त्या चूर्णवाल्यासमोर उभे राहिलात. "एकच पुडी सगळ्यांना देतोस, म्हणजे तू एकालाही विचारलेलं नाहीस." तो म्हणाला, "नाना, तुम्हीही झाडपाल्याचे, मीही झाडपाल्याचा." तुम्ही म्हणालात, "मी झाडपाल्याचा नाही. मी या माणसांचा आहे."

आणि मग तुमचं रक्त.

लॅबमध्ये नवीन मशीन आलं होतं. ते बरोबर चालतं का बघायला मला एक चांगला नमुना हवा होता. तुम्ही बाही वर केलीत, "घे. निरोगी माणसाचं घे." किडनीचा हाल सांगणारं क्रिएटिनिन इतकं वाढलेलं आलं की मला वाटलं मशीनच बिघडलेलं आहे. पुन्हा लावलं. मग माझं स्वतःचं रक्त लावलं, ते ठीक आलं. तेव्हा कळलं, मशीन बरोबर आहे. तुमच्या खोलीत येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मशीन परत पाठव."

धुळ्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी सगळं खोदून काढलं. कित्येक वर्षांचं बीपी, कधीच न मोजलेलं. आणि गुडघा दुखतो म्हणून रोज घेतलेली वेदनाशामक गोळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावरच्या सगळ्यांना बघता यावं. गावाला विचारणाऱ्या तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. पुढे औषधांवर काही काळ निघाला. मग डॉक्टर म्हणाले, आता डायलिसिसला पर्याय नाही, उशीर करू नका. आणि तुम्ही घरी येऊन माईंना, इतकी वर्षं तुमचा संसार सांभाळणाऱ्या पत्नीला, सांगितलंत, "मी ते करणार नाही."

ते दिवस मला आठवतात ते माईंच्या चेहऱ्यावरून. त्या रोज डबा भरून दवाखान्यात पाठवायच्या आणि रोज तो रिकामा परत यायचा, म्हणून त्यांना वाटायचं, निदान जेवतात तरी. तुमच्या पायांवर सूज होती, जिना चढताना धाप लागायची. मी विषय काढला की तुम्ही म्हणायचात, "जन्मभर लोकांना सांगितलं, शरीराचं ऐका. माझं शरीर म्हणतंय, पुरे. आता मशीनला बांधून घेतलं तर त्यांना काय तोंड दाखवू?" तुमच्याशी वाद घालायला मला तुम्हीच शिकवलं होतं, आणि तुमच्या डोळ्यांकडे बघून तो घालवेना.

म्हणून पत्र लिहिलं. आणि हातात न देता टपालात टाकलं, कारण हातात दिलं असतं तर तुम्ही तिथेच वाचून तिथेच खोडून काढलं असतं. स्टेशन रोडवरून स्टेशन रोडवर पत्र! पोस्टमन माझ्याच दारात उभा राहून म्हणाला, "शेजारी तर राहतोस. हाक मारता येत नाही का?"

ते तुम्हाला मिळालं त्या दुपारी तुम्ही लॅबच्या दारात आलात. म्हणालात, "कुठाय?" मी डबा पुढे केला. तुम्ही उघडलात, बसलात, सगळा खाल्लात. हात धुऊन म्हणालात, "धुळ्याला उद्या किती वाजता पोहोचायचं ते विचारून ठेव."

अडीच वर्षं, नाना. आपण दोघं त्या रस्त्याने गेलो-आलो आणि मला ती वर्षं आठवली की बरंच वाटतं. सोनगीरचा किल्ला दिसला की तुम्ही गाडी थांबवायला लावायचात, कधी चहाला, कधी उगाच. तिथल्या बाजारातून तुम्ही तांब्याचा एक चिमुकला पेला घेतलात. दिवसाचं पाणी मोजून प्यायचं होतं ना. "इतकी वर्षं लोकांना सांगतोय घोट घोट प्या, आता कळतंय घोट म्हणजे काय." किडनीला पोटॅशियम झेपत नाही म्हणून केळी बंद झाली, हे मात्र तुम्हाला सोसलं नाही. भुसावळकडचा एक जुना पेशंट घड घेऊन आला, तेव्हा तुम्ही तो टेबलावर ठेवून घेतलात आणि आल्या-गेल्याला एकेक देत प्रत्येकाला विचारलंत, "कसं आहे? गोड आहे? नीट सांग."

आणि तो वॉर्ड. पहिल्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून होतात. तिसऱ्या खेपेला शेजारच्या खाटेवरच्या काकांना म्हणालात, "घरून काय आणलंय? उघडा बघू." त्यांच्या डब्यात केळ्यासारखाच बंद असलेला बटाटा निघाला. तुम्ही उठून बसलात. महिन्याभरात सिस्टरबाई तक्रार करायला लागल्या की नानांची पाळी असली की सगळा वॉर्ड डबे घेऊन येतो. तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमशी तुमचं आधी भांडण आणि मग दोस्ती झाली. भाजी चिरून, उकळून, पाणी टाकून मग फोडणी द्यायची, हे त्यांनी तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही ते अहिराणीत वॉर्डभर सांगितलंत.

तिथेच आपला शेवटचा वाद राहिला. नळ्या लावलेल्या, आणि तुम्ही म्हणालात, "आजार आहे. पण मी आजारी नाही." मी म्हणालो, "रिपोर्ट दाखवू?" तुम्ही म्हणालात, "दाखव. आणि मग त्या काकांकडे बघ, आज पहिल्यांदा घरी भांडण न करता जेवून आलेत. ते तुझ्या कुठल्या रकान्यात लिहिशील?" मी म्हणालो, रकाना नाही म्हणून आजार जात नाही. तेवढ्यात सिस्टरबाईंनी दोघांनाही गप्प केलं. मला अजून वाटतं, नाना, माझं बरोबर होतं. आणि अजून वाटतं की तुम्हीही आजारी नव्हतात. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते तुम्हाला विचारायचं होतं. राहून गेलं.

गेलात त्या दुपारी तुम्ही जेवलात. माईंना म्हणालात, आज भाजीत मीठ बरोबर पडलंय, म्हणजे अजिबात नाही. आडवे झालात, आणि झोपेतच गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. संध्याकाळी मी दवाखान्याकडे आलो तेव्हा सखूअक्का काठी टेकत आधीच येऊन गेल्या होत्या. कुलपाच्या कडीला लाल टॉवेल बांधलेला होता. स्टेशन रोडवर एवढी वर्दळ, पण त्या दारासमोर कोणी हॉर्न वाजवत नव्हतं.

तो टॉवेल मी काढलेला नाही.

त्या निळ्या शर्टवाल्याचं सांगायचं राहिलं. त्याला लॅबमध्ये बसवलं. औषध द्यायचा मला अधिकार नाही, तेही सांगितलं. मग म्हणालो, दाखव. शिळी पोळी, लोणचं आणि बिस्किटांचा पुडा निघाला. कोण करतं स्वयंपाक? कोणीच नाही, खोलीवर एकटा. झोप? नाही. रक्त घेतलं, रिपोर्ट आल्यावर शिंदखेड्याच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, चिठ्ठीत त्याच्या डब्याचंही लिहिलं. आणि आईला फोन केला की दुपारी एक पाहुणा जेवायला येतोय. हात धुता धुता विचारलं, घरात कोणाशी बोलणं बंद आहे का? तो कॅलेंडरकडे बघायला लागला.

ते पत्र माईंनी परवा मला परत दिलं, तुमच्या उशाशी असायचं म्हणून. त्यात नवीन काही नाही. सगळं तुमचंच आहे. तसंच्या तसं खाली उतरवतो.

तीर्थरूप नाना,

साष्टांग नमस्कार.

समोर बोलता येत नाही म्हणून लिहितो आहे. तुम्ही म्हणता, शरीर पुरे म्हणतंय. शरीर काय म्हणतंय हे माणसाला एकट्याला कळत नाही, त्याच्या घराला विचारावं लागतं, हे तुम्हीच सांगता. मी तुमच्या घराला विचारलं. माईंना वाटतं तुम्ही रोज डबा संपवता. मला शेजारून दिसतं की तो तुम्ही बाकावर वाटून टाकता आणि दुपारी चहा पिऊन राहता. म्हणजे तुमचं शरीर पुरे म्हणत नाहीये नाना. ते उपाशी आहे.

लोकांना काय तोंड दाखवू, म्हणता. आबांच्या झोपेसाठी तुम्ही अख्ख्या गल्लीला औषध दिलंत. तेव्हा आबांना कमीपणा आला नाही. गोळीने अर्धं केलं, अक्कांनी अर्धं. तुमचं अर्धं मशीन करील. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही इतकी माणसं आहोत, आम्हाला काहीतरी करू द्या.

हे पत्र तुम्हाला कोणत्या दिवशी मिळेल मला माहीत नाही, म्हणून आजपासून रोज दोन डबे आणतो आहे. एक माझा, एक तुमचा, डॉक्टरांना विचारून आईने बिनमिठाचा केलेला. ज्या दिवशी पत्र मिळेल त्या दुपारी लॅबमध्ये या. मला तुमचं उत्तर नको, वादही नको. डायलिसिसचं आपण नंतर बोलू.

आधी डबा उघडा.

आपला,
दिनेश